बागवान सरांचा हौद

सोलापुरात नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांनी, तेही त्याच्या मर्जीनं. अशा गावात राहून एका माणसानं जन्मभर पाण्यातल्या झाडांचा अभ्यास करावा, इथंच त्याचं अर्धं व्यक्तिचित्र पुरं होतं. उरलेलं अर्धं असं, की त्या माणसाला पाण्याची भयंकर भीती वाटायची.

वनस्पतिशास्त्राचे बागवान सर आणि मराठी शिकवणारी मी, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एकाच पंख्याखाली बसायचो. मूर्ती बुटकी, चेहरा कायम कुणाचं तरी काहीतरी चुकलंय असा, आणि शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. झाडाच्या देठाचा काप घेऊन तो गुलाबी रंगात बुडवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, हा त्यांचा रोजचा धंदा असल्यामुळे त्यांची बोटं बाराही महिने गुलाबी असत. मतदानाच्या दिवशी शाई लावणाऱ्या माणसानं ती उलटसुलट करून तपासली होती आणि शेवटी साहेबांना बोलावून आणलं होतं.

बागवान म्हटलं की आमच्याकडे फळांचा गाडा डोळ्यांसमोर येतो. सरांच्या वडिलांचा गाडा होता, भावाचं मंडईत दुकान होतं. ‘आमच्या खानदानात फळ न विकता फळाचा काप करून फुकट दाखवणारा मी पहिलाच,’ असं सर स्वतः सांगत. यात भावाला अभिमान कमी आणि काळजी जास्त होती.

आमच्या विभागांच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली, एक सिमेंटचा लांबलचक हौद होता. बाहेरून कठडा गुडघ्याएवढा, आत मात्र बुटक्या माणसाच्या छातीपर्यंत खोल. तोच सरांचा संसार. खोल भागात हायड्रिलाचं हिरवं रान, मध्ये पाण्याखालच्या ओट्यावर चिखलात रुजलेली कमळं, कडेला ओलीत चार पानांची मार्सेलिया. जलपर्णी वेगळ्या पिंपात नजरकैदेत, कारण ती मोकळी सोडली तर बाकीच्यांना जगू देत नाही. पाणी आलं की पहिला पाइप हौदात पडे, मग प्रयोगशाळेत, मग कॅन्टीनमध्ये. त्यामुळे कॅन्टीनवाला आणि सर यांचं कधीच पटलं नाही.

पावसाळ्यात नव्या वर्गाला सर हौदापाशी उभं करीत आणि एक व्याख्यान देत. ते माझ्या खिडकीतून इतकं ऐकू यायचं की माझ्या मुलांनी ते कवितेऐवजी पाठ केलं होतं.

“जमिनीवरच्या झाडाला दोन काळज्या. उभं कसं राहायचं आणि पाणी कुठनं आणायचं. म्हणून आत लाकूड पाहिजे, नळ्या पाहिजेत, पानावर जाड कातडं पाहिजे. पाण्यातल्या झाडाला ह्यातलं काय पाहिजे? काय नक्को! पाणी सगळीकडनं मिळतंय, आणि पाणीच त्याला धरतंय. मग कणा कशाला बाळगायचा? त्याला एकच काळजी, श्वासाची. म्हणून आत बघा, नुसत्या हवेच्या खोल्या. कमळाचा देठ कापा, नळ्याच नळ्या. वरचं पान हवा घेतंय आणि खाली चिखलात पाठवतंय. घरात एक कमावता आणि बाकीचे खाणारे, तसं.”

मग ते हायड्रिलाची एक फांदी पाण्याबाहेर काढत. पाण्यात डौलात उभी असलेली ती फांदी बोटावर लोळागोळा होऊन लोंबू लागे. “बघितलं? आता हिला कुणी धरलेलं नाही,” एवढंच म्हणून ते ती परत सोडत आणि ती पुन्हा उभी राही. मी मराठीची बाई, पण हे दरवर्षी खिडकीत उभी राहून बघायची.

ती फांदी पाण्यात सोडताना सरांचं फक्त बोटाचं टोक भिजे. हौदात उतरायचं काम शिपाई मल्लिनाथचं. तो अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा, अंगानं धिप्पाड. तो आत उभा राही आणि सर कठड्यापासून दोन पावलं मागं थांबून हुकूम सोडत. “डावीकडे. अरे तुझ्या डावीकडे नाही, हौदाच्या डावीकडे!” लहानपणी करकंबला मामाच्या विहिरीत सर पडले होते. कुणीतरी केसाला धरून वर काढलं होतं. तेव्हापासून आंघोळसुद्धा ते तांब्यानंच करीत, शॉवरखाली जीव घाबरा होतो म्हणत.

एकदा कॉलेजची सहल उजनीच्या पाणवठ्याला, टेंभुर्णीच्या बाजूला गेली होती. मुलींबरोबर एक बाई पाहिजेत म्हणून मला नेलं होतं. सरांनी दोरीला तीन आकड्यांचा गळ बांधून आणला होता. मुलांनी तो लांब फेकायचा, ओढायचा आणि अडकलेल्या वनस्पती घेऊन सरांकडे पळत यायचं. सर इतके मागं उभे होते की मुलं येईपर्यंत वनस्पती सुकायला लागत. होडी ओढून ठेवणारा एक कोळी हे सगळं बघत होता.

“सर, तुमी येत न्हाय व्हय होडीत? लई झाडं हायत तितं मधी.”

“नक्को,” सर म्हणाले. “मी थिअरीचा माणूस आहे.”

घरीही तीच तऱ्हा. सोलापुरी घरात पाण्याची पिंपं असतातच, पण सरांच्या घरी एका पिंपात हायड्रिला, एका बादलीत शेवाळ आणि टबात कमळाचं रोप. ईदला शिरखुर्मा खायला गेले तेव्हा शमीमभाभींनी मला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं, “क्या बोलूं मॅडम, ये आदमी पानी में पाँव नै डालता, और पानी की घास के वास्ते जान देता. पाहुणा आला की मला आधी सांगावं लागतं, कुठल्या बादलीतलं पाणी प्यायचं आणि कुठल्यातल्याला नमस्कार करायचा.”

काप मात्र सरांसारखा कुणाला जमला नाही. अर्ध्या ब्लेडनं, बटाट्याच्या दोन फोडींत देठ धरून, ते इतका पातळ काप घेत की तो पाण्यात तरंगताना दिसतच नसे. मुलांचे काप बघून त्यांचा पारा चढे. “हे काय आहे? सेक्शन आहे का कडक भाकरी? ह्याच्यावर शेंगाचटणी घाल आणि खा!” मंडईत भाजी घ्यायला गेले तरी खिशातलं ब्लेड निघे. एकदा माझ्यादेखत त्यांनी अळूच्या देठाचा काप घेऊन उजेडात धरला. “बघा मॅडम, ही दलदलीतली बाई आहे, आतनं सगळी पोकळ.” भाजीवाली उखडली. “बाईबिई ऱ्हाऊ द्या. जुडी घ्या न्हायतर पुढं व्हा, माझ्या मालाला ब्लेड लावायचं काम न्हाय!” आम्हाला ती अख्खी टोपली घ्यावी लागली आणि आठवडाभर स्टाफरूममध्ये अळूवड्या चालल्या.

माणसांनाही ते तसंच कापून बघत. प्राचार्यांना त्यांनी जलपर्णी ठरवलं होतं. “मोकळी जागा मिळाली की तिचे देठ फुगतात, फुग्यासारखे. गर्दीत टाका, तीच जलपर्णी बारीक, लांब, निमूट होती. आपले साहेब केबिनमध्ये बघा आणि पुढाऱ्यांच्या कार्यक्रमात बघा.” मी पुढच्या कार्यक्रमात मुद्दाम बघितलं. खरंच होतं. मला त्यांनी कमळाच्या पानात टाकलं होतं. मला वाटलं कौतुक आहे. तर म्हणाले, “इतकी वर्षं तुम्हाला हायड्रिला आणि व्हॅलिसनेरियातला फरक सांगतोय, एक थेंब थांबत नाही तुमच्यावर.”

हे सगळं गमतीत चाललं होतं, पण सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं आणि हौदाच्या जीवावर उठलं. मुलांच्या मोटारसायकली लावायला जागा नव्हती. प्राचार्यांनी ठरवलं, बागवान सर गेले की हौद बुजवायचा आणि तिथं टू-व्हीलर स्टँड करायचा. सरांच्या भिडेखातर तेवढी कळ काढली होती इतकंच. त्यात डास होतात ही तक्रार होतीच. हौदात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडलेले आहेत, असं सर सांगत, पण प्राचार्यांच्या अंगावरही थेंब थांबत नसे.

सर हसेनासे झाले. जेवणाचा डबा उघडायचे आणि बंद करायचे. एकदा मी म्हटलं, “सर, झाडं घरी न्या की.” ते म्हणाले, “घरी पिंपं आहेत मॅडम. हौद म्हणजे हौद. पुढचं पोरगं पुस्तकात चित्र बघणार, आणि फांदी पाण्यातनं बाहेर काढल्यावर काय होतं ते त्याला कधीच दिसणार नाही.” नंतर हळू आवाजात म्हणाले, “आणि माझं तरी काय होणार आहे? मलाबी ह्या पाण्यातनं काढणारच आहेत.” मला गलबलून आलं. मी उगीच पंख्याचं बटण फिरवलं.

त्याच वर्षी कॉलेज तपासायला समिती येणार होती. आदल्या दिवशी सर कुर्डुवाडीला लेकीकडे गेले होते, नातवाचं बारसं होतं. त्यांची पाठ वळली आणि प्राचार्यांनी संधी साधली. समितीला घाण पाणी दिसायला नको म्हणून मल्लिनाथला सांगून हौद उपसला, ब्लीचिंग पावडर टाकून घासला आणि टँकरचं निळं नितळ पाणी भरलं. झाडं मल्लिनाथनं कॅन्टीनमागच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात टाकली. पण नुसतं पाणी भकास दिसायला लागलं. तेव्हा गॅदरिंगच्या सजावटीतली प्लास्टिकची कमळं आली, तळाला दगड बांधून, रांगेत, सारख्या अंतरावर.

सकाळी सर स्टेशनवरून थेट कॉलेजात आले आणि हौदापाशी उभे राहिले. हे बघू नये असं मला वाटत होतं, पण खिडकी माझीच होती. मल्लिनाथ मान खाली घालून शेजारी उभा होता.

“सर, मला साहेबांनी सांगितलं, मी केलं. माझं काय चालतंय हो तितं?”

सरांनी गळ आणला, दोरी फेकली, एक प्लास्टिकचं कमळ ओढून घेतलं आणि प्रयोगशाळेत गेले.

दुपारी समिती आली. अध्यक्ष एक बाई होत्या, रसायनशास्त्राच्या, पांढरे केस, पायांत कॅनव्हासचे बूट. प्राचार्यांनी हौद प्रयोगशाळेच्या खिडकीतून लांबूनच दाखवला आणि ‘आमचं जलवनस्पती उद्यान’ म्हणून पुढं हाकलायला लागले. तेवढ्यात बागवान सर आडवे आले.

“मॅडम, दोन मिनिटं. एक काप बघून जा. देठ आहे. अधिवास सांगा, म्हणजे हे झाड कुठं राहतं ते.”

प्राचार्य डोळ्यांनी काय काय सांगत होते, पण सर बघतच नव्हते. अध्यक्षबाई वाकल्या. बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मागं उभी असलेली मुलं ओठ चावत होती.

“हवेच्या पोकळ्या नाहीत,” बाई म्हणाल्या.

“बरोबर.”

“पेशीच दिसत नाहीत. मधोमध एक जाड काळं काहीतरी आहे.”

“ती तार आहे,” सर म्हणाले. “गंजलेली.”

बाईंनी मान वर केली. हौदाकडे बघितलं, मग प्राचार्यांकडे. प्राचार्य पुढाऱ्यांच्या गर्दीत नसूनसुद्धा बारीक, लांब आणि निमूट झाले होते.

“अधिवास बहुतेक फॅन्सी दुकान असावा,” बाई म्हणाल्या. “खरी झाडं कुठं आहेत?”

सगळी वरात कॅन्टीनमागं गेली. खड्ड्यात कमळाची पानं काळी पडली होती. हायड्रिला तर चिखलात केसांच्या गुंतवळ्यासारखी पसरली होती. सर चपला काढून बसले, एक फांदी उचलली, पाण्याचा ग्लास मागवला आणि ती आत सोडली. इतकं होऊनही ती थोडी उलगडली आणि उभी राहिली.  कॅन्टीनवाला, त्यांचा जुना वैरी, दुसरा ग्लास घेऊन आला.

मार्सेलिया मात्र खड्ड्याच्या काठावर मस्त होती. “हिचं काय,” सर म्हणाले, “ही पाण्यात असली तर आतनं मऊ. जमिनीवर आली की गाभ्यात कडकपणा आणती. दोन्हीकडं जगती. सगळ्यांना जमत नाही.”

अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. प्राचार्यांना म्हणाल्या, “मी उद्या दुपारी निघते. जाताना हा हौद परत बघेन. खरी झाडं असली तर ‘जतन करावा’ असं लिहीन. प्लास्टिक असलं तरी लिहीन, पण वेगळं.” हौद बुजवायची भाषा तिथंच संपणार होती, अट एवढीच की उद्या दुपारपर्यंत त्यात खरी झाडं उभी पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळे कामाला लागले. ब्लीचिंगचं पाणी काढलं, तळ धुतला. प्राचार्यांनी स्वतः फोन करून विहिरीच्या पाण्याचा टँकर मागवला आणि माती टाकायला ट्रॅक्टर. मुलं आत उतरली, हायड्रिला लावली, सरांनी घरची पिंपंसुद्धा रिक्षातून आणली. शमीमभाभी रिक्षात मागं बसून पिंपं धरून आल्या आणि म्हणाल्या, “घेऊन जा सगळं, आज माझ्या घरात पाणी पाणी दिसंल.” हायड्रिला, मार्सेलिया लागली. राहिलं कमळ.

कमळाच्या कंदाला पुढं एक कोवळा डोळा असतो. तो मोडला की कंद गेला. खड्ड्यातून जिवंत कंद दोनच निघाले होते. सर कठड्यामागून सूचना देत होते, “डोळा वर! वर म्हणजे आकाशाकडं! दाबू नको!” मल्लिनाथनं भल्यामोठ्या पंजानं पहिला कंद चिखलात बसवला आणि कट्कन आवाज आला.  मल्लिनाथ रडकुंडीला आला. “सर, माझ्या हातात न्हाय ते. तुमच्या हातचंच काम हाय.”

एकच कंद उरला होता. सरांनी तो दोन्ही हातांत धरला, पाण्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग कंद माझ्या हातात दिला, खिशातलं ब्लेड काढून कठड्यावर ठेवलं, घड्याळ भाभींकडे दिलं, आणि कठड्यावर बसून पाय आत सोडले.

“मल्लिनाथ, मागनं कॉलर धर. सोडलीस तर बघ.”

“न्हाय सोडत सर,” मल्लिनाथ वर येऊन कठड्यावरनं कॉलर धरत म्हणाला.

सर उतरले. गुडघे, मांड्या, कंबर, आणि मग छाती. ओठ पांढरे पडले होते. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते, बहुधा अल्लाचं नाव, मध्येच झाडांची शास्त्रीय नावं. मी वाकून कंद दिला. त्यांनी तो पाण्याखालच्या ओट्यावर नेला आणि त्या गुलाबी बोटांनी चिखल अलगद बाजूला केला. ब्लेडनं काप घेताना दिसायचा तसाच त्यांचा चेहरा झाला. भीती कुठं गेली कुणास ठाऊक.

नेमक्या तेव्हाच अध्यक्षबाई आल्या, ठरल्यापेक्षा बऱ्याच आधी, प्राचार्य मागं धापा टाकत. त्यांनी हौदात डोकावून विचारलं, “काय काय आहे यात आता?”

“सध्या सर हायत,” मल्लिनाथ म्हणाला.

बाई मोठ्यानं हसल्या. मग त्यांनी हायड्रिला बघितली, मार्सेलिया बघितली, पाण्याखालच्या सरांच्या हातांकडे बघितलं, आणि काही न विचारता प्राचार्यांना म्हणाल्या, “टू-व्हीलर स्टँडला दुसरी जागा बघा.” स्टँड पुढं जिमखान्यामागं झाला आणि हौद आहे तिथंच आहे. सर निवृत्तीनंतर कुर्डुवाडीला लेकीकडे गेले. मला मात्र ते आठवतात ते त्या दुपारचे.

बाई गेल्या. कंद बसला होता. मी म्हटलं, “सर, आता या वर. गारठाल.”

सर हलले नाहीत. हात पाण्यावर पसरून तसेच उभे राहिले, छातीपर्यंत पाण्यात, लिंबाच्या सावलीत. खूप वेळानं म्हणाले, “मल्लिनाथ, बास. सोड आता कॉलर.”

मल्लिनाथ माझ्या शेजारी उभा राहून चहा पीत होता. “कवाच सोडलीय की सर.”

सरांनी मान वळवून त्याच्या हातातल्या कपाकडं बघितलं. मग पाण्याकडं बघितलं. जन्मभर पोरांना जे सांगितलं ते त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी सांगत असावं, असा चेहरा झाला.

“मॅडम,” ते म्हणाले, “पाणी धरतंय की हो.”